पानावर बसताना

पान वाढून झालं असेल, तरी लगेच हात घालू नका. क्षणभर थांबा. ताटात काय आहे ते नुसतं पाहा. भाकरी असेल, मेथीची भाजी असेल, वाटीत आमटी, कडेला कांद्याची फोड. कुणाच्या ताटात आज बांगडा असेल किंवा अंडं असेल, त्यांनीही असंच बसावं. हे मनन कुणाच्या पानातून काही काढून घेण्यासाठी नाही. श्वास जरा संथ होऊ द्या. भाकरीचा वास येऊ द्या.

गेल्या वर्षी माझ्या भाचीने मांस-मासे सोडले आणि पाठोपाठ दूधही सोडलं. गाईपासून तोडलेलं वासरू तिने एका गोठ्यात रात्रभर हंबरताना ऐकलं होतं, आणि ते तिच्या मनातून जाईना. घरात बोलाचाली झाली. एकदा जेवताना तिने मला फोनवर गोरिला दाखवला. "मावशी, बघ ना. दीडशे किलोचा देह, आणि खातो काय, तर पाला. मग आपल्यालाच का नाही जमणार?" समोर तिचा मामा बसला होता. त्यानेही फोन काढला आणि चिंपांझी दाखवला. तो एका लहान माकडाला फाडून खात होता. दोघांनी दाखवलेलं खरंच होतं. जेवण मात्र गप्पगप्पच उरकलं.

त्या दिवशी मला काही बोलता आलं नाही. नंतर कित्येक दिवस मी तो प्रश्न पानावर घेऊन बसत राहिले, एकेका घासाबरोबर. तसंच आज तुमच्यासोबत बसायचं आहे.

आधी दात. तोंड मिटा आणि वरच्या दातांवरून जीभ सावकाश फिरवा. समोर पटाशीचे दात, सपाट धारेचे. त्यांच्या कडेला सुळा. त्याचं टोक जिभेला जेमतेम लागतं. मग दाढा, खडबडीत, वर-खाली उंचवटे असलेल्या. या एका सुळ्यावरून किती वाद झाले आहेत! सुळे आहेत म्हणजे मांसासाठीच, असं एक जण म्हणतो. इतके बोथट सुळे मांस काय फाडणार, असं दुसरा म्हणतो. गोरिलाच्या नराने जबडा उघडला की वाघाची आठवण व्हावी असे सुळे दिसतात, आणि तो पाला खातो. ते सुळे दुसऱ्या नराला धाक दाखवायला आणि वेळ आलीच तर झुंजायला असतात. नुसत्या सुळ्याकडे पाहून आहार सांगता येत नाही. जीभ जागेवर येऊ द्या. हा वाद इथेच सोडून पुढे जाऊ.

आता डोळे मिटून एखादं झाड आठवा. मला आजोळचं, कोकणातल्या ओढ्याकाठचं उंबर आठवतं. खोडालाच घोसाने लगडलेली फळं, काही हिरवी, काही विटकरी लाल. लहानपणी उंबर फोडलं की आतून बारीक केंबरं उडायची. आजी म्हणायची, फुंकर मार आणि खा. ही केंबरं फळात चुकून शिरलेली नसतात, हे मला फार उशिरा कळलं. उंबराची फुलं फळाच्या आत मिटलेली असतात आणि त्यांच्यापर्यंत पराग घेऊन जाणारी ही इवलीशी माशीच असते. तिच्यावाचून उंबराला बी धरत नाही.

त्या झाडावर दोन प्रकारची मंडळी यायची. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची वानरं आणि लाल तोंडाची माकडं. माकड घाईघाईने फळं गालांच्या पिशव्यांत कोंबायचं आणि दूर जाऊन निवांत चावायचं. मध्येच झाडाच्या सालीखालचा किडा उचलायचं. घरटं सापडलं तर त्यातलं अंडंही सोडायचं नाही. वानराचं तसं नव्हतं. ते फांदी ओढून कोवळा पाला ओरबाडायचं आणि तासन् तास डोळे अर्धे मिटून बसायचं. त्याच्या पोटाला कप्पे असतात. गाईसारखं रवंथ ते करत नाही, पण खाल्लेला पाला त्या कप्प्यांतल्या जंतूंकडून आंबवून घेतं. झाड एक, फांदीही एक, आणि त्यावर बसलेल्या दोघांची पोटं वेगवेगळी.

इथे जरा रेंगाळा. माकडं काय खातात, या प्रश्नाला एक उत्तर नाही. इथिओपियाच्या उंच डोंगरांवर गेलाडा नावाचं माकड दिवसभर बुडावर सरकत सरकत गवत खुडतं. आग्नेय आशियाच्या बेटांवर मुठीएवढा टार्सियर राहतो. त्याचे डोळे प्रचंड मोठे, आणि तो किडे, सरडे असंच खातो. फळपाल्याला तोंड लावत नाही. दोघेही आपल्याच गोतातले. मग कुणाचं ऐकायचं? शिवाय ज्याला आपण फळ खाणारा म्हणतो, तो उंबर खातो ते केंबरांसकट. निवडून, धुऊन, पाखडून खाणं रानात फारसं कुणाला ठाऊक नाही.

तरी या गोताशी आपलं नातं तुटलेलं नाही. डोळे उघडा आणि ताटातला लाल रंग शोधा. मिरचीचा असेल, टोमॅटोचा असेल. हिरव्या भाजीशेजारी तो किती लख्ख दिसतो! दाराशी बसलेल्या कुत्र्याला हा फरक दिसत नाही, गाईलाही नाही. वानराला दिसतो, चिंपांझीला दिसतो. पानांच्या गर्दीतलं पिकलेलं फळ आणि लालसर कोवळी पालवी हेरणारे हे डोळे आपल्याला त्यांच्याबरोबरच वारशाने मिळाले. मंडईत आपण टोमॅटो निवडतो ते याच डोळ्यांनी.

दुसरं नातं उणिवेचं आहे. शेळी स्वतःपुरतं क जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतात तयार करते. वानराला, गोरिलाला, आपल्याला ते जमत नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वी कुठल्यातरी पूर्वजात ती कला हरवली, आणि फळं सतत हाताशी असल्यामुळे कुणाचं काही अडलं नाही. पेरूची फोड किंवा आवळा तोंडात टाकताना हे एकदा आठवून पाहा. फळ आपल्याला केवळ आवडतं म्हणून लागत नाही.

आता एक हात पोटावर ठेवा, बेंबीच्या जरा खाली. श्वासाबरोबर पोट वर येतं, खाली जातं. या हाताखाली गोरिला आणि आपण एकमेकांपासून सगळ्यांत दूर गेलो आहोत.

आफ्रिकेतल्या विरुंगाच्या डोंगरातला गोरिला सकाळी उठतो तो चरायलाच. रानटी सेलरीचे दांडे, काटेरी झुडपं, हाताला झोंबणारी पानं, पावसाळ्यात बांबूचे कोंब. दिवसाचा मोठा भाग खाण्यातच जातो. त्याचं ते सुटलेलं पोट म्हणजे चरबी नव्हे, तिथे मोठं आतडं आहे. आपण ज्याला चोथा म्हणतो तो तिथले जंतू आंबवतात, आणि त्यातून निघणाऱ्या आम्लांवर त्याचा देह चालतो. आपलं कसं आहे? कॅथरीन मिल्टन या संशोधिकेने वानरकुळातल्या प्राण्यांची आणि माणसाची आतडी ताडून पाहिली. मोठ्या वानरांच्या, म्हणजे गोरिला-चिंपांझींच्या, पचनमार्गात जवळजवळ अर्धी जागा मोठ्या आतड्याची असते. आपल्यात ती पाचव्या हिश्श्याच्या आसपास आहे, आणि निम्म्याहून जास्त जागा लहान आतड्याने घेतली आहे. चोथ्यातून थोडं बळ आपल्यालाही मिळतं, पण नुसत्या रानपाल्यावर आपण तगणार नाही. भाचीने दाखवलेल्या गोरिलाचं पान आपल्यापुढे वाढलं, तर आपण पोटभर खाऊनही उपाशी राहू.

मग आपल्याकडे काय आहे? घरात ज्वारी असेल तर एक कच्चा दाणा तोंडात टाका. दाढेखाली तो कटकन फुटतो, पीठ होतं, घशाला कोरड पडते. अशी पसाभर ज्वारी चावायची म्हटली तर दुपार होईल. रिचर्ड रँगम या संशोधकाने चिंपांझींबरोबर रानात वर्षं काढली आणि त्यांची फळं स्वतः खाऊन पाहिली. चोथट, तुरट, कडू. चिंपांझीचे दिवसातले सहा-एक तास नुसते चावण्यात जातात. आपला जेमतेम एक तास. मधले पाच तास कुठे गेले याचं उत्तर ताटातच आहे.

आता भाकरीचा एक तुकडा मोडा. भाजीला लावू नका, नुसताच तोंडात घ्या. चावा आणि गिळू नका. मनातल्या मनात तीस-चाळीस आकडे मोजा. पहिल्यांदा भाजलेल्या पिठाची चव येईल, मग पापुद्र्यावरच्या करपलेल्या ठिपक्याचा किंचित कडवटपणा. मग हळूहळू, न मागता, गोडी उतरेल. साखर कुणी घातलेली नाही. लाळेतलं अमायलेझ भाकरीतल्या पिठूळपणाची साखर करतं आहे. ते बनवणाऱ्या जनुकाच्या चिंपांझीत दोन प्रती असतात आणि माणसात सरासरीने सहाच्या आसपास, असं २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. पिठूळ कंद आणि धान्य पिढ्यान्‌पिढ्या खाणाऱ्या लोकांत त्या आणखी जास्त आढळल्या. म्हणजे आपण अन्न शिजवलं, दळलं, आणि त्या अन्नाने परत आपल्याला थोडं घडवलं.

तोंडातला घास आता गिळा. दक्षिण आफ्रिकेतल्या वंडरवर्क गुहेत दहा लाख वर्षांपूर्वीच्या विस्तवाच्या खुणा सापडल्या आहेत. तिथपासून या तव्यापर्यंत किती हात लागले असतील याचा विचार करवत नाही. उखळ, जातं, पाटा-वरवंटा. कडधान्य भिजत घालणं, मोड आणणं, पीठ आंबवणं. कडवे वाल सोलून, वरचं पाणी काढून टाकणं. आपल्या सुळ्याने आणि आतड्याने जे काम सोडून दिलं, ते हे सगळं करतं. आपला मेंदू वजनाने देहाच्या दोन टक्के, पण स्वस्थ बसलेलो असतानाही देहाच्या एकूण खर्चातला वीस टक्के तो एकटा घेतो. लहान आतडं, मोठा मेंदू आणि पेटलेली चूल यांची सांगड कशी बसली, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पण चुलीशिवायचा माणूस कुठेही सापडत नाही, एवढं मला पुरतं. माणसाचा वनस्पती-आहार रानात नाही, स्वयंपाकघरात आहे, आणि तो बहुतांशी बायकांच्या हातांनी टिकला आहे.

आता भाजीकडे या. मेथीचं एक पान बोटावर घ्या. एका माकडाची आणि काही बायकांची गोष्ट सांगायची आहे, आणि ती मुंबईतलीच आहे.

१९२८ मध्ये लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागली. शहरातल्या गरीब गरोदर बायकांना एक जीवघेणा पांडुरोग होत होता, त्यांत कापड गिरण्यांत राबणाऱ्याही होत्या. रक्तातल्या पेशी फुगलेल्या, चेहरे पांढरेफटक. नेहमीच्या औषधांना तो दाद देत नव्हता. लूसीबाईंनी त्यांच्या घरी काय शिजतं ते पाहिलं आणि माकडांना तसंच खायला घातलं. कोंडा काढलेला पांढरा तांदूळ, पांढरा पाव. पालेभाजी नाही, फळ नाही. माकडाला तोच पांडुरोग झाला. मग त्यांनी यीस्टचा स्वस्त अर्क, मार्माइट, देऊन पाहिला. माकड सावरलं. बायकाही सावरल्या. १९३१ मध्ये त्यांनी हे छापलं. त्या अर्कातला गुणकारी पदार्थ पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला आणि लॅटिनमधल्या पानाच्या शब्दावरून त्याचं नाव पडलं, फॉलिक आम्ल. आपण तर वाढलेल्या ताटालाच पान म्हणतो.

त्या पिंजऱ्यातल्या माकडाला कुणी विचारलं नव्हतं. त्याच्यासाठी क्षणभर थांबू या. आणि गिरणगावातल्या खोलीत स्वतःच्या पानात पालेभाजी न पडणाऱ्या बाईसाठीही. दोघांची पोटं सारखी नव्हती, पण दोघांच्या रक्ताने एकच गोष्ट मागितली होती. आज जगभर गरोदर बायकांना जी फॉलिक आम्लाची गोळी मिळते, तिचा माग परळपर्यंत येतो.

बोटावरचं पान तोंडात टाका. थोडं कडू आहे. ही भाजी फार वेळ रटरटवली तर हेच आम्ल कमी होतं, म्हणून मेथी, चवळई, पालक लवकर उतरवावी.

पानात सगळंच मिळालं असतं तर किती बरं झालं असतं! दोन वर्षांपूर्वी माझ्या तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. रात्री पांघरूण लागलं तरी झिणझिणायचं. शब्द आठवेनासे झाले. मी ते वयावर ढकललं, आणि एकाने ते मणक्यावर ढकललं. शेवटी रक्त तपासलं तर बी-१२ तळाला गेलेलं. मी जन्मापासून शाकाहारी, दूधही कपभर चहापुरतं. बी-१२ कुठलंच झाड बनवत नाही, कुठलाच प्राणी बनवत नाही. ते फक्त जंतू बनवतात. गाईला ते तिच्या पोटातल्या जंतूंकडून मिळतं, आणि तिच्याकडून दुधात उतरतं. आपल्या मोठ्या आतड्यातही ते तयार होतं, पण शोषून घेणारी जागा आधीच, लहान आतड्याच्या शेवटी, मागे पडलेली असते. गोरिलाची अडचणही तीच. तो मुंग्या-किड्यांसकट, मातीसकट खातो, आणि प्रसंगी स्वतःची विष्ठा खातानाही पाहिला गेला आहे. आपण भाजी तीन पाण्यांनी धुतो, आणि धुतलीच पाहिजे.

पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातून या उणिवेचा अनेक वर्षं पाठपुरावा केला. २००६ मध्ये छापलेल्या त्यांच्या एका पाहणीत खेड्यातले, झोपडवस्तीतले आणि शहरी मध्यमवर्गातले ४४१ पुरुष होते. त्यांतल्या ६७ टक्क्यांत बी-१२ कमी होतं, आणि शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांत. पोटाची चिंता नसलेल्या घरांत ही उपासमार चालली होती. तेव्हा वनस्पतींवर जगायचं ठरवलं असेल, दूधही सोडलं असेल, तर बी-१२ बाहेरून घ्यायचंच. यात तडजोड नको, लाजही नको. गोळीतलं बी-१२ सुद्धा जंतूंकडूनच, टाकीत आंबवून काढतात. वानर आपले जंतू पोटात बाळगतं, आपण टाकीत बाळगतो. जातं जसं आपलं, तशी ही टाकीही आपलीच.

आता मामाने दाखवलेल्या चिंपांझीकडे पाहू. टाळायचं नाही. १९६० मध्ये टांगानिका सरोवराकाठच्या गोंबेत अभ्यासक जेन गुडॉल यांनी चिंपांझींना मांस खाताना पाहिलं. रानडुकराचं पिल्लू होतं. तोवर चिंपांझी फळं-पाल्यावरच जगतात असा समज होता. पुढे ते टोळीने शिकार करतात, तांबड्या कोलोबस माकडांना पकडतात, मांसाच्या तुकड्यासाठी एकमेकांपुढे हात पसरतात आणि मांसाबरोबर पानं चघळतात, हेही नोंदलं गेलं. त्यांच्या एकूण खाण्यात मांसाचा वाटा अगदी थोडा, पण त्यासाठीची धडपड मोठी. हे सगळं समोर पाहणाऱ्या गुडॉलबाईंनी काय केलं? तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांच्या पुस्तकात कोंबड्या-डुकरांच्या कारखान्यांबद्दल वाचल्यावर त्यांनी मांस सोडलं. चिंपांझीवर त्यांनी आयुष्य ओवाळून टाकलं, पण आपण काय खावं हे त्याला विचारलं नाही.

भाचीला मला जे सांगायचं होतं ते मला इथे सापडलं. गोरिला पाला खातो ते दयेने नव्हे. चिंपांझी माकड मारतो तेही क्रौर्याने नव्हे. वासराचं हंबरणं ऐकून आपलं पान बदलणं त्यांच्यातल्या कुणाला येत नाही, तुला येतं. त्यासाठी गोरिलाची साक्ष काढायची गरज नाही. आणि साक्ष काढलीस तर मामाच्या चिंपांझीलाही बोलू द्यावं लागेल.

आणखी एक बोलायलाच हवं. 'माणूस मुळात शाकाहारीच' हे वाक्य आपल्याकडे निरुपद्रवी नाही. घर भाड्याने देताना "काय खाता?" विचारून माणसं परत पाठवली जातात, ती याच वाक्याच्या आधाराने. ज्या घरात सुकट आणि बोंबलांनी पिढ्यांचं रक्त टिकवलं, ज्या पाड्यावर पावसाळ्यात खेकडे धरूनच पोरांना जेवण मिळालं, त्यांच्या पानाकडे बोट दाखवण्याचा अधिकार कुठल्याही वानराच्या आतड्यातून निघत नाही. स्वतःचं पान बदलावं. दुसऱ्याच्या पानाशी हात जोडून बसावं.

परवा भाची आली होती. मामाने तिच्यासाठी ताकाची कढी न करता नारळाच्या दुधाची सोलकढी केली होती, आणि ती केल्याचं कुणाला सांगितलं नाही. स्वतःच्या पानात त्याने बांगडा घेतला. तिच्या ताटाशेजारी छोटी डबी होती. तिने एक गोळी काढून घेतली, एक माझ्या हातावर ठेवली. मग तिने मेथीची परडी पुढे ओढली आणि कच्ची कोवळी पानं तिघांच्या पानात वाढली.

तुमची भाजी अजून कोमट असेल. पोटावरचा हात काढा, भाकरी मोडा आणि जेवायला लागा.